डंप हिरवा झाला, व्हाळाचे काय?

गोव्याच्या डिचोली तालुक्यात वाढलेल्या माणसाला डोंगर दोन प्रकारचे असतात हे कोणी शिकवावे लागत नाही. एक मूळचा डोंगर: माथ्यावर जांभ्याचा सपाट, उन्हाळ्यात तापून काळवंडणारा सडा, उतारावर ऐन, किंदळ, कुंभा आणि करवंदीच्या जाळ्या, पायथ्याशी एखादी झर, तिच्या आधाराने उभे राहिलेले माडा-पोफळींचे कुळागर आणि त्याच्याही खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने वळत गेलेली भातशेती. दुसरा डोंगर खाणीतल्या मातीचा, ट्रकांनी आणून ओतलेला. त्याला आम्ही डंप म्हणतो. त्याच्या उतारावर पायऱ्या असतात, पावसाने कापलेल्या घळी असतात आणि जिथे काही उगवलेले असते तिथे बहुधा एकाच जातीची, एकाच वयाची, ओळीने लावलेली झाडे असतात. त्या डोंगरातून झर निघत नाही. खाणींच्या पुनर्वसनाविषयी मी आजवर जे वाचले, ऐकले आणि हिंडून पाहिले, ते सारे मला या एका फरकापाशी आणून सोडते, आणि खाण बंद झाल्यावर जमीन खरोखर सावरली की नाही हे ठरवायचे असेल तर नजर झाडांच्या शेंड्यांवरून काढून व्हाळाच्या पात्राकडे वळवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याने, उत्तरेला डिचोली-सत्तरीपासून दक्षिणेला सांगे-केपेपर्यंत, गोव्याचा लोहखनिजाचा खाणपट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यातला डोंगर उभा कापला तर वर जांभा दिसतो, त्याखाली पिवळ्या, पांढऱ्या, जांभळट रंगांच्या चिकण मातीचे थर, आणि त्यांच्या खाली किंवा मध्ये खनिज. हे खनिज वरच्या भागात ढेकळांच्या रूपात असते, खोलवर गेले की काळसर निळ्या भुकटीच्या रूपात सापडते. एक टन खनिज हाती लागण्यासाठी अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला काढावा लागतो, हे इथले सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे मुरगाव बंदरातून जहाजाने जितके खनिज गेले, त्याच्या अडीच-तीनपट वजनाचा ऐवज गोव्यातच राहिला. तो कुठे राहिला, कसा राहिला आणि पावसाने त्याचे काय केले, हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

या डोंगरांविषयी एक गोष्ट खाणपट्ट्याबाहेर फारशी ठाऊक नसते. वरचा सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि विहिरींना ते हळूहळू देतो, हे कोकणातल्या कुठल्याही माणसाला माहीत असते. परंतु गोव्याच्या खाणपट्ट्यात चिकण मातीच्या थराखाली पाण्याचा दुसरा साठाही असतो, आणि तो साठा नेमका त्या भुकटीसारख्या खनिजातच असतो. खनिजाचे कण सुटे असल्याने त्यांच्यामधल्या पोकळीत पाणी भरून राहते. जे काढून विकायचे तेच डोंगराचे पाण्याचे कोठार होते. खाणीचा खंदक या थरापर्यंत पोहोचला की पाणी आत येऊ लागते, ते रात्रंदिवस पंपांनी उपसावे लागते, आणि जितके ते उपसले जाते तितकी आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. गोव्यातले काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. शिरगावसारख्या, लईराई देवीच्या जत्रेमुळे साऱ्या गोव्याला परिचित असलेल्या गावात विहिरी आणि झरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली, ती याच कारणाने. अशा ठिकाणी नंतर खंदक मातीने भरून काढला तरी ती सरमिसळ झालेली चिकण माती पूर्वीच्या खनिजाप्रमाणे पाणी साठवू शकत नाही. जमिनीला तिचा आकार परत देता येतो, तिच्या पोटातली रचना परत देणे फार अवघड आहे, आणि पुनर्वसनाच्या कोणत्याही आराखड्याने ही मर्यादा पहिल्याच पानावर मान्य करायला हवी.

डंप एवढे का झाले आणि भलत्याच ठिकाणी का झाले, याला इतिहास आहे. पोर्तुगीज राजवटीत खाणींसाठी दिलेल्या सवलतींची क्षेत्रे लहान होती, बहुतेक शंभर हेक्टरांच्या आतली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून मागणी वाढली आणि या सवलतींवर यंत्रे आली. गोवा मुक्तीनंतरही त्या सवलती चालू राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून त्यांचे लीजमध्ये रूपांतर केले, पण क्षेत्रे तीच राहिली. एवढ्याशा जागेत खंदकही खोदायचा, खनिज धुण्याचा प्रकल्पही उभारायचा आणि अडीच-तीनपट माती ठेवायची, हे जमण्यासारखे नव्हते. खंदक परत भरावा, तर त्याच्या तळाशी अजून खनिज शिल्लक असे आणि उद्या बाजार वाढला तर ते काढता यावे म्हणून तो उघडा ठेवला जाई. मग माती लीजबाहेर, शेजारची खाजगी जमीन घेऊन, डोंगराच्या उतारावर किंवा दोन टेकड्यांमधल्या खोलगटीत ओतली गेली. त्या खोलगटीतूनच व्हाळ वाहत असतो.

ट्रक डंपाच्या कडेशी उलटा येतो, माती खाली सोडतो आणि ती आपल्या वजनाने घरंगळत जिथे थांबेल तिथे थांबते. अशा सुट्या मातीचा उतार साधारण पस्तीस-सदतीस अंशांचा होतो. कोरड्या दिवसांत तो टिकतो. परंतु गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाला लागून असलेल्या सत्तरीच्या भागात त्याहून पुष्कळ जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ट्रकांच्या चाकांनी दाबलेल्या माथ्यावर पाणी मुरत नाही. ते साचते, कडेवरून वाट शोधते आणि उतारावर घळ पाडत खाली येते. दुसरीकडे भेगांतून आत गेलेले पाणी चिकण मातीला जड आणि निसरडी करते आणि कधी कधी डंपाचा एखादा भागच खाली बसतो. हे टाळण्याचे शास्त्र जुने आणि पूर्णपणे ज्ञात आहे: डंप खालून वर टप्प्याटप्प्याने रचावा, प्रत्येक टप्प्याला रुंद पायरी ठेवावी, एकंदर उतार अठ्ठावीस-तीस अंशांच्या आत आणावा, पायऱ्यांचा कल आतल्या बाजूला ठेवून पाणी बांधीव गटारातून खाली उतरवावे, पायथ्याशी दगडी भिंत घालावी, सभोवती चर खणावा आणि त्या चराचे पाणी गाळ बसण्यासाठी तळ्यांच्या साखळीतून फिरवूनच व्हाळात सोडावे. यातले काहीही परदेशातून आणावे लागत नाही. लागते ती जागा आणि पहिल्या दिवसापासूनची शिस्त, आणि लहान लीजवर नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

आमच्या घरची काही कुणगी, म्हणजे भाताची लहान शेते, अशाच एका व्हाळाच्या काठी आहेत. सरदाचे पीक पावसावर येई, पण घरात खरी मोजदाद होती ती वायंगणाची, कारण दिवाळीनंतर लावलेल्या त्या भाताला डोंगरातून झिरपणारे पाणी मार्चअखेरपर्यंत पुरत असे. डंपातून वाहून आलेला गाळ पहिल्यांदा आला तेव्हा तो पातळ थराचा होता आणि वडीलधाऱ्यांनी तो नांगरून मातीत मिसळून टाकला. पुढे प्रत्येक मिरगाला तो येत राहिला. हा गाळ नदीच्या गाळासारखा नसतो. त्यात कुजलेला पाला नसतो, जिवंत असे काहीच नसते, आणि वाळल्यावर तो भाजलेल्या कौलासारखा कडक होतो. त्यातून भाताची मुळे खाली जात नाहीत आणि पाणीही उतरत नाही. व्हाळाचे पात्र भरत गेले तसे पुराचे पाणी बांधावरून आत येऊ लागले. खाणीकडून वर्षागणिक नुकसानभरपाई मिळे आणि ती घेतलीही जाई, कारण शेत पिकत नसताना ती नाकारण्याची ऐपत कोणाची नव्हती. परंतु भरपाई पिकाची होती. मातीची आणि पाण्याची भरपाई कशी मोजायची, याचा विचार ती देणाऱ्याने केला नाही आणि मागणाऱ्याला तो सुचला नाही. माझ्या आजीने वायंगण सोडले ते भरपाईच्या रकमेमुळे नव्हे, तर जानेवारीतच व्हाळ कोरडा पडू लागला म्हणून.

याच काळात डंप हिरवे होऊ लागले. ऑस्ट्रेलियन अकेशिया हे झाड गोव्यातल्या डंपांवर सर्वत्र दिसते, आणि त्याच्यावर सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल. डंपाच्या मातीत सेंद्रिय पदार्थ नसतो, नत्र आणि स्फुरद नाममात्र असते, वरचा थर पावसाने दाबला जाऊन कडक होतो आणि उन्हाळ्यात तो भयंकर तापतो. अशा ठिकाणी हवेतले नत्र बांधणारे, गुरे खात नाहीत असे आणि दोन-तीन वर्षांत डोक्यावर जाणारे झाड निवडणाऱ्याची अडचण मी समजू शकतो. पावसाचा थेंब थेट मातीवर आपटण्याऐवजी पानांवर पडला तर धूप कमी होते, हेही खरे. पण त्या झाडांखाली उभे राहून पाहिले की वाळक्या, लवकर न कुजणाऱ्या पानांचा थर असतो आणि त्याखाली गवताचे ठोंबही विरळच सापडतात. माती धरून ठेवण्याचे खरे काम गवत आणि झुडपे करतात. पावसाच्या जोराच्या सरीत ते पानांचे आच्छादन पाण्याबरोबर घसरते आणि घळी पूर्वीसारख्याच वाहू लागतात. काजूची लागवडही अनेक ठिकाणी झाली आणि तिच्यापासून काहीतरी उत्पन्न मिळते एवढे समाधान आहे.

याहून बरे प्रयोग झाले नाहीत असे नाही. साखळीजवळची एक संपलेली खाण पुनर्वसनाचे उदाहरण म्हणून दाखवली जाते, आणि तिथे बांबू, बाग आणि खंदकातले मत्स्यपालन पाहून येणारा माणूस प्रभावित होऊनच परततो. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खाणींच्या पडीक जमिनीतल्या, झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशींवर अभ्यास झाला आहे. या बुरशी मुळांना स्फुरद मिळवून देतात आणि त्यांच्याशिवाय लावलेले रोप डंपावर कसेबसे जगते. विदर्भातही याच दिशेने महत्त्वाचे काम झाले. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपावर साखर कारखान्यातली मळी आणि जिवाणू-बुरशींची जोड देऊन स्थानिक झाडे वाढवून दाखवली. वर्षानुवर्षे उघड्या पडलेल्या ढिगाऱ्यावर जंगल उभे राहू शकते, याचा तो पुरावा आहे. तरीही या साऱ्या वृत्तांतांत यशाचे माप बहुतेक एकच असते: किती रोपे लावली, किती जगली, किती हेक्टर हिरवे झाले. डंपाखालच्या व्हाळात पूर्वी किती गाळ येत होता आणि आता किती येतो, पूर्वी तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता आणि आता कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे आकडे मी शोधत राहिलो.

ते आकडे मला सापडले ते गोव्यापासून फार दूर, हिमालयाच्या पायथ्याशी. देहरादूनच्या वर मसुरीच्या डोंगरांत उत्तम प्रतीचा चुनखडक आहे, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत तो काढण्यासाठी त्या डोंगरांचे उतार जागोजागी फोडले गेले. तिथे टाकाऊ दगडमातीसाठी जागा शोधण्याची तसदीही घेतली गेली नाही. ती सरळ खाली लोटली गेली. पावसाळ्यात ती नाल्यांतून खाली येई, रस्ते बुजवी, शेते आणि कालवे भरून टाकी, आणि नद्यांची पात्रे शेजारच्या जमिनीच्या पातळीपर्यंत वर येत. देहरादूनच्या एका संस्थेने १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले, १९८५ मध्ये न्यायालयाने अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला आणि १९८८ पर्यंत हे प्रकरण चालले. पर्यावरणाच्या कारणासाठी न्यायालयाने खाणी बंद केल्याचे हे आपल्या देशातले अगदी सुरुवातीचे उदाहरण. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, माजी सैनिकांना घेऊन प्रादेशिक सेनेची एक पर्यावरण तुकडी उभी राहिली आणि तिने त्या उघड्या डोंगरांवर झाडे लावण्याचे काम हाती घेतले.

मला अधिक मोलाचे वाटते ते मात्र याच परिसरात, सहस्रधारेजवळ झालेले काम. देहरादूनच्या केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेने १९८४ पासून तिथल्या ६४ हेक्टरांच्या, खाणीने उद्ध्वस्त झालेल्या एका लहान पाणलोटावर प्रयोग सुरू केला. त्यांनी पाणलोट हेच आपल्या कामाचे एकक ठरवले, खाणीची हद्द नव्हे, आणि माझ्या मते साऱ्या यशाचे मूळ या निवडीत आहे. कामाचा क्रमही बोलका आहे. झाडे शेवटी आली. आधी नाल्याच्या पात्रात तारेच्या जाळीत दगड भरून बंधारे घातले गेले, त्यांनी वाहून येणारा राडारोडा अडवला आणि पात्राचा उतार सौम्य केला. काठ खचू नयेत म्हणून त्याच पद्धतीची बांधकामे काठांशी झाली. मग घसरणाऱ्या उतारांवर लाकडी खांबांचे चौकटीसारखे बंध उभारून त्यांत दगड भरले गेले. त्यानंतर उघड्या उतारांवर तागाच्या जाळीचे आच्छादन अंथरले गेले, जे एक-दोन पावसाळे माती धरून ठेवते आणि मग कुजून तिच्यातच मिसळते. या जाळीच्या आधाराने गवत रुजले, आणि बरोबरच बेशरम व निर्गुडीच्या फांद्या खोचल्या गेल्या. या दोन्ही वनस्पती फांदीपासून सहज फुटतात आणि शेळ्या-गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. उतार स्थिरावल्यावर शिसव, खैर, सुबाभूळ अशी झाडे लावली गेली.

आणि त्यांनी मोजले. पाणलोटाच्या तोंडाशी दरवर्षी, सातत्याने मोजले. कामाच्या आरंभी दर हेक्टरामागे वर्षाला सुमारे ५५० टन राडारोडा वाहून येत होता. दशकभरात तो दहा टनांच्याही खाली आला. पावसाळ्यात पडलेल्या पाण्यापैकी ५७ टक्के पाणी पूर्वी तसेच वाहून जात असे, ते प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. हिरवे आच्छादन १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले, ही नोंदही त्यात आहे. परंतु ज्या आकड्यापाशी मी पुन्हा पुन्हा परत येतो तो वेगळा आहे: पावसाळा संपल्यावर नाला पूर्वी ६० दिवस वाहत असे, तो २४० दिवस वाहू लागला. दोन महिन्यांचे आठ महिने झाले. खाणीने फोडलेल्या डोंगरातून पुन्हा जवळपास उन्हाळाभर पाणी येऊ लागले. कोणत्याही शेतकऱ्याला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

मी सहस्रधारेला गेलो ते हे आकडे वाचून झाल्यावर. पर्यटकांची गर्दी खाली गंधकाच्या झऱ्यांपाशी असते. वरच्या बाजूला चालत गेल्यावर, झुडपांच्या दाटीत जाळीचे ते बंधारे अर्धेअधिक झाकून गेलेले दिसले, त्यांच्या पाठीमागे साठलेल्या मातीत झाडे उभी होती. तिथे उभे राहून मनात आमच्या तालुक्याची तुलना होणे अटळ होते, पण ती तुलना सरळसोट करता येत नाही, आणि इथे थोडे तपशिलात शिरणे आवश्यक आहे. चुनखडकाचा राडारोडा जाड असतो. दगड तिथेच मिळतात, बंधारे भरायलाही आणि अडवायलाही. गोव्याच्या डंपातून येते ती चिकण माती, जिचे कण इतके बारीक असतात की दगडांच्या बंधाऱ्यातून त्या पाण्याबरोबर सहज निघून जातात आणि साठवलेल्या पाण्यातही दिवस-दिवस खाली बसत नाहीत. म्हणून इथे गाळतळ्यांची साखळी लागते, जांभ्याच्या तुकड्यांचे गाळणबांध लागतात, आणि उतारावर तागाऐवजी आपल्या किनाऱ्यावर तयार होणाऱ्या काथ्याची जाळी वापरता येते, जी जोराच्या पावसात अधिक काळ टिकते. तिच्या आधाराने वाळ्याचे ठोंब लावले तर मुळे खोलवर जाऊन माती बांधतात. बेशरमची इथे गरज नाही. धायटी, करवंद, निर्गुडी आणि आमच्याच सड्यावरची गवते हे काम करू शकतात, आणि मागाहून कुंभा, किंदळ, ऐन यांना जागा मिळते. क्रम मात्र तोच राहायला हवा: आधी पाणी, मग माती, मग गवत, आणि अखेरीस झाडे. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी शेवटची पायरी पहिली झाली.

गाळतळ्यांविषयी एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी, कारण ती फार रुक्ष असल्याने कोणी सांगत नाही. गाळतळे एका जोरदार पावसाळ्यात भरू शकते, आणि भरलेल्या तळ्यात गाळ बसत नाही, तो वरून वाहून जातो. दर वर्षी मे महिन्यात ते उपसले, चर मोकळे केले, भिंतींची डागडुजी केली, तरच त्याचा उपयोग. खाण चालू असते तेव्हा यंत्रे तिथेच असतात आणि दोन-चार दिवसांत हे काम उरकते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या बंदच राहिल्या, काही काळ पुन्हा चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या आदेशांमागची कारणे मला पूर्णपणे मान्य आहेत, बेकायदा उपसा थांबायलाच हवा होता. पण खाण थांबली तरी मिरग थांबत नाही. ट्रक गेले, यंत्रे गेली, कामगार घरी बसले आणि कोट्यवधी टन मातीचे डंप तिथेच राहिले. त्यांच्या पायथ्याच्या चरांकडे पाहण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर मी कित्येक ग्रामसभांत दीर्घ शांतता अनुभवली आहे. खाण बंद करण्याच्या आराखड्यात पाच-दहा वर्षांच्या देखभालीसाठी माणसे आणि पैसा बाजूला काढून ठेवलेला नसेल, तर तो आराखडा कागदावरच संपतो.

कायदा याबाबतीत पूर्वीपेक्षा बराच पुढे आला आहे, हे नोंदवायला हवे. २००३ पासून प्रत्येक खाणीला खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी देणे बंधनकारक झाले. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लीजक्षेत्राबाहेर डंप टाकणे कायद्याला धरून नाही हे स्पष्ट केले, गोव्यासाठी वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याच्या दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठीच्या कायमस्वरूपी निधीत जमा करण्यास सांगितले. जानेवारी २०२० मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने, खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या योग्य करून द्यावी, अशी अट लीजमध्ये घालण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. झाडांआधी गवताचा विचार एका न्यायालयीन आदेशात यावा, याचा मला झालेला आनंद इथे लपवण्याचे कारण नाही. गवत परत आले तर गुरे परत येतात, शेण परत येते, आणि माती पुन्हा माती होऊ लागते.

सध्या मात्र माझी काळजी जुन्या डंपांविषयी आहे. पूर्वी ज्याला टाकाऊ म्हणून बाजूला टाकले जाई, त्यातही लोहाचे काही प्रमाण असते. चीनच्या पोलाद उद्योगाने या शतकाच्या पहिल्या दशकात कमी प्रतीचे खनिजही विकत घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून हे डंप पैशाच्या दृष्टीने पुन्हा जिवंत झाले, आणि आता ते हाताळण्यासाठी राज्याचे धोरणही आहे. डंप उचलून नेला तर गावाची जमीन मोकळी होईल, हा युक्तिवाद चुकीचा नाही. व्हाळाच्या उगमावरच बसलेले काही डंप हलवलेच पाहिजेत. पण वीस-तीस वर्षांत ज्या उतारांवर कसेबसे गवत धरले आहे, ज्यांच्यातून येणारा गाळ आता कुठे कमी झाला आहे, त्यांना पोकलेनने पुन्हा उघडले तर पहिल्या पावसाळ्यात त्या गावांना पुन्हा पूर्वीचेच दिवस येतील. कोणता डंप हलवावा आणि कोणता तसाच राहू द्यावा, याचा निर्णय त्यातल्या लोहाच्या टक्केवारीवर न होता त्याच्याखालच्या व्हाळावर व्हावा, एवढीच मागणी आम्ही सातत्याने करत आहोत.

खंदकांच्या बाबतीतही अशीच तारतम्याची गरज आहे. पाण्याने भरलेले जुने खंदक आज गोव्याला उपयोगी पडत आहेत. कडक उन्हाळ्यात त्यांचे पाणी उपसून नद्यांत सोडावे लागते आणि त्यावर पाणीपुरवठा प्रकल्प चालतात. लोहखनिजाच्या या खंदकांत कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणींसारखी आम्लाची मोठी अडचण सहसा येत नाही, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. म्हणून सगळेच खंदक बुजवा असा आग्रह मी धरणार नाही. काठ सौम्य उताराचे करून, भोवती कुंपण घालून, गावाच्या मालकीचे जलाशय म्हणून काही खंदक राखता येतील. ज्या गावात खंदकाने भोवतालच्या विहिरींचे पाणी ओढून घेतले आहे, तिथे तेच पाणी गुरुत्वाने वायंगणाच्या कुणग्यांपर्यंत आणून देता येते का, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासावे लागेल.

लिलावात गेलेल्या नव्या खाणपट्ट्यांच्या निमित्ताने तालुक्यात जनसुनावण्या झाल्या. त्यातल्या एका सुनावणीत हरितपट्ट्याचे सादरीकरण चालू असताना आमच्या वाड्यावरचे एक वयोवृद्ध शेतकरी उठले आणि म्हणाले, “साहेब, झाडे लावाल हो तुम्ही. व्हाळाला पाणी एप्रिलपर्यंत राहील का, तेवढे लिहून द्या.” त्यांना उत्तर मिळाले ते रोपांच्या संख्येचे. मला वाटते, त्यांच्या मागणीला आराखड्याच्या भाषेत बसवण्याचे काम आता आम्ही गावातल्या शिकलेल्या माणसांनी करायला हवे, आणि ते तितकेसे अवघडही नाही. व्हाळाच्या पात्रात त्रिकोणी खाच असलेली एक लोखंडी पट्टी पक्की बसवली की तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची पाहून प्रवाह मोजता येतो. पावसाळ्यात बाटलीत घेतलेले पाणी गाळून, वाळवून, तराजूवर ठेवले की गाळाचा आकडा मिळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी ही कामे आहेत. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ती माध्यमिक शाळेच्या मदतीने खाण सुरू होण्याआधीच्या वर्षी सुरू करावीत, खाण चालू असताना दरवर्षी करावीत आणि ती बंद झाल्यावर पुढची दहा वर्षे चालू ठेवावीत, आणि आर्थिक हमीची रक्कम परत देण्याआधी खनिज खात्याने त्या वहीतल्या एप्रिलच्या नोंदी मागवाव्यात, असा ठराव आम्ही ग्रामसभेपुढे मांडणार आहोत. पट्टी कुठे बसवायची ती जागा ठरली आहे: आमच्या कुणग्यांच्या वरच्या अंगाला, जिथे डंपाकडून येणारा ओघळ व्हाळाला मिळतो.